चार बांध्यांचं मैदान

आमच्या फुटबॉल क्लबचं मैदान म्हणजे धानाच्या चार बांध्या होत्या, आणि चारही माझ्या बाबांच्या होत्या. हे आधीच सांगून मोकळा होतो, कारण पुढे जे काही झालं ते त्या बांध्यांपायीच झालं. क्लब तीन पावसाळे चालला. पगारी खेळाडूंचा क्लब, तोही भंडारा जिल्ह्यात, आंबागडच्या किल्ल्याखालच्या एका खेड्यात! आज हे सांगायला लागलो की माझी नातवंडं एकमेकांकडे बघून गालात हसतात. हसोत बापडी. मी त्या क्लबचा गोलकीपर होतो, कप्तान होतो आणि पगार घेत होतो. पगार धानाच्या पोत्यांत मिळायचा, हा भाग वेगळा.

क्लब काढला तो आमच्या गावच्या राइस मिलच्या मालकांनी. आणीबाणी उठली त्या सुमाराची गोष्ट. मालक मिलच्या यंत्राचे सुटे भाग आणायला कलकत्त्याला गेले होते. तिथे कुणीतरी त्यांना फुटबॉलची मॅच दाखवली. गेले होते रबराचे रोलर आणायला, आले फुटबॉल घेऊन. रोलर मागाहून रेल्वेने आले. मालकांना एखादी गोष्ट आवडली की ती आपल्या गावात असलीच पाहिजे असं वाटायचं. त्याआधी एकदा त्यांनी सर्कशीतला उंट आणायचा घाट घातला होता, तो मालकीणबाईंनी मोडून काढला. फुटबॉलला मात्र बाईंची हरकत नव्हती, कारण त्याला चारा लागत नाही.

खेळाडू मिळायला अडचण नव्हती. नाकाडोंगरीकडच्या मँगनीजच्या खाणींत कामगारांच्या वसाहती होत्या, तिथली पोरं रोज संध्याकाळी फुटबॉल खेळायची. आमच्या गावातही आम्ही सात-आठ जण शाळेपासून चेंडूला लाथा मारत होतो. प्रश्न होता नेमणुकीचा. पगारी खेळाडू ठेवतात कसे, हे मालकांना कोण सांगणार? माणूस ठेवायची त्यांना एकच रीत ठाऊक होती, ती म्हणजे सालदाराची. सालदार म्हणजे वर्षभराचा गडी. तो अक्षय्य तृतीयेला ठरतो. ओसरीवर बसायचं, सुपारी फोडायची, सालाचं धान किती, धोतरजोडी कशी, घोंगडी आणि वहाणा कधी, हे तोंडी ठरवायचं, की पुढच्या अक्षय्य तृतीयेपर्यंत तो माणूस तुमचा. मालकांनी त्या दिवशी ओसरीवर तेरा फुटबॉल खेळाडू असेच ठरवले. वहाणांऐवजी बूट देतो म्हणाले, तर सगळ्यांनी हट्ट धरला की बूट नको, वहाणाच द्या. बूट सासुरवाडीला घालून गेलं तर लोक काय म्हणतील! शेवटी वहाणा ठरल्या आणि खेळायचं अनवाणी असं ठरलं.

त्या तेरांत मी होतो आणि आमच्या घरचा सालदारही होता. तो पाच वर्षं आमच्याकडे राबत होता. बैल दावं तोडून पळाला तर हा बैलाच्या पुढे जाऊन उभा राहायचा, असा त्याचा वेग. मालकांनी त्याला सेंटर फॉरवर्ड करून टाकलं. संध्याकाळी जेवताना बाबा मायला म्हणाले, "सालदार नेला, पोरगा नेला. आता बैलजोडी बी घेऊन जा म्हना त्यायले. थे बी चांगले पयतात."

मग जागेचा प्रश्न आला. आमच्या भागात सपाट जमीन म्हणजे बांधी. बाकी सगळं एक तर डोंगर, नाही तर जंगल, नाही तर तलाव. बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीचा धुरा घातलेला धानाचा तुकडा. पाणी अडवून धरणं हे तिचं कामच. मिलच्या मागे आमच्या चार बांध्या एकाला एक लागून होत्या. मधले धुरे काढले की मैदान तयार. मालक म्हणाले, या बांध्यांत जेवढं धान होतं तेवढं दरसाल मिलमधून घरपोच देतो. बाबा नाही म्हणाले. मी रुसलो. बावीस वर्षांचा घोडा झालो होतो तरी रुसलो. दोन दिवस जेवलो नाही, म्हणजे घरी जेवलो नाही. सालदाराच्या घरी दोन्ही वेळ हादडत होतो. तिसऱ्या दिवशी माय बाबांना काय बोलली कुणास ठाऊक. बाबा फावडं घेऊन निघाले आणि पहिला धुरा त्यांनी स्वतःच फोडला.

"तीन साल," ते मला म्हणाले. "चवथ्या साली इथं धान लावीन. आयकलं का?"

त्यानंतर त्यांनी मैदानात पाय ठेवला नाही. सामन्याला गाव लोटायचं, शेजारच्या गावांतून बैलबंड्या भरून लोक यायचे, माझी मायसुद्धा तोंडाला पदर लावून मिलच्या भिंतीआडून बघायची. बाबा मात्र पार लांबच्या कोपऱ्यात, खालच्या धुऱ्यावर, खांद्यावर फावडं घेऊन उभे असायचे. मधूनच वाकायचे, थोडी माती ओढायचे, पुन्हा उभे राहायचे, आणि बहुतेक वेळ आमच्याकडे पाठच असायची. जमिनीचा राग अजून गेला नाही, एवढंच मला त्यातून समजायचं. मालकांनी पाठ थोपटली, गावाने डोक्यावर घेतलं, तरी माझा जीव त्या कोपऱ्यात अडकलेला असायचा. बाबांनी एकदा, फक्त एकदा, गोलच्या मागे उभं राहून माझा खेळ बघावा, एवढंच मला हवं होतं. सांगायला मात्र जीभ रेटत नव्हती. बाप तसा आणि पोरगाही तसाच.

मोसमाच्या बाबतीत तर आम्ही कमालच केली. नागपूरकडचे साखळी सामने पावसाळ्यात होतात आणि पावसाळ्यात आमच्याकडे रोवणी, म्हणजे धानाची लावणी, असते, हे ओसरीवर सुपारी फोडताना कुणाच्या डोक्यातच आलं नाही. जुलै उजाडला आणि मालकांच्या शेतात माणसं कमी पडायला लागली. मालकांनी विचार केला, तेरा सालदार तर घरचेच आहेत! झालं. सकाळपासून अख्खा संघ धानाची रोपं, म्हणजे पऱ्हे, उपटून त्यांच्या जुड्या बांधायचा आणि रोवणाऱ्या बायांपर्यंत पोचवायचा. बाया काय कमी होत्या! मी गोलकीपर आहे हे कळल्यापासून त्यांना ऊत आला. "पकडा गा गोलकीपर!" म्हणत चिखलाने निथळणाऱ्या जुड्या माझ्यावरच उलट फेकायच्या. डावीकडून एक, उजवीकडून एक, एखादी थेट तोंडावर. सुटली की सगळ्या बांधीभर हशा. खरं सांगतो, माझी तालीम तिथेच झाली. उस्तादांकडे झाली ती फक्त कवायत.

उस्ताद म्हणजे खाणीच्या गोदामातून निवृत्त झालेले एक बाबू. तरुणपणी जबलपूरकडे खेळले होते म्हणे. गळ्यात शिट्टी, डोक्याला रुमाल आणि तोंडात हिंदी. पहिल्या घरच्या सामन्याच्या दिवशी ते मैदानावर आले आणि शिट्टी तोंडातून गळून पडली. दोन दिवस पाऊस झाला होता. मैदानात घोटाभर पाणी उभं होतं.

"ये ग्राउंड है कि तालाब?" उस्ताद ओरडले.

आता यात आमचं काय चुकलं ते सांगतो. ती पिढ्यान्‌पिढ्या चिखलणी केलेली कन्हार, म्हणजे काळी चिकण जमीन, खाली मातीचा असा थर बसलेला की वर पाणी ठेवलं तर ते वरच राहतं. आम्ही मधले धुरे काढले, बाहेरचे चारी बाजूंचे तसेच ठेवले. ते काढायला पाहिजेत हे कुणाला सुचलंच नाही. आणि सुचलं असतं तरी आमच्यापैकी कुणाचा हात धजला नसता. भर पावसाळ्यात बांधीचा बाहेरचा धुरा फोडणाऱ्याला आमच्याकडे वेडा म्हणतात. म्हणून आम्ही फुटबॉलचं मैदान केलं, चुन्याच्या रेघा मारल्या, ढिवरांकडून मासे पकडायचं जाळं आणून गोलला बांधलं, आणि या सगळ्याच्या भोवती पाणी अडवायला मजबूत धुरा राखला.

नागपूरचा संघ चकचकीत बूट घालून उतरला. पाच मिनिटांत त्यांना बूट म्हणजे काय शिक्षा असते ते समजलं. त्यांच्या एका खेळाडूचा पाय वर आला तो बुटाशिवायच. तो बूट आम्हाला पुढच्या महिन्यात सापडला. चेंडू टप्पा खाईना, जिथे पडेल तिथे बसून राही. आमची पोरं मात्र त्यात जन्मलेली. चिखलातून पाय सरळ वर उपसायचा नसतो; आधी टाच मोकळी करायची आणि मग पाय मागे ओढून घ्यायचा. हे आम्हाला कुणी शिकवलेलं नव्हतं. आमच्या सालदाराने दोन गोल मारले, तेही असे निवांत, की जणू रोवणीला जुड्याच पोचवून आला. गावच्या शिंप्याने शिवलेल्या आमच्या हिरव्या शर्टांचा रंग पाण्यात सुटला आणि खेळ संपला तेव्हा दोन्ही संघांचे पाय पोपटी झाले होते. जाळं सोडवायला गेलो तर त्यात एक बोटभर मासोळी वळवळत होती. ती मालकांनी लोकांना दाखवली आणि तिच्या नावानेही टाळ्या घेतल्या.

"ये फुटबॉल नहीं है, ये तो रोवनी है," उस्ताद म्हणाले. पण मिशीत हसत होते.

तिसऱ्या सालच्या शेवटच्या सामन्यापर्यंत घरच्या मैदानावर आम्ही एकदाही हरलो नाही. आणि बाहेर एकदाही जिंकलो नाही. बाहेर जायचं ते मिलच्या ट्रकमधून, कोंड्याच्या पोत्यांवर बसून. वाटेत शहापूरला चहाला उतरलो की हॉटेलवाला आधी आम्हाला फडकं द्यायचा आणि मग चहा. कोंड्याने अंगाला अशी खाज सुटायची की कोरड्या, कडक मैदानावर आम्ही अर्धा वेळ चेंडूमागे आणि अर्धा वेळ पाठ खाजवत पळायचो. चार-चार, पाच-पाच गोल खाऊन परतायचो. मी म्हणायचो, कोंड्यामुळे हरलो. घरी जिंकलो की मात्र माझ्यामुळे जिंकलो, याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती. छाती काढून गावातून चालायचो. पानठेल्यावर माझ्याकडून पैसे घेत नसत. बाबा घरी असले तर एवढंच विचारायचे, "जेवला का?"

तिसऱ्या साली घरच्या विजयांवर आम्ही कसेबसे वर चढलो आणि शेवटचा सामना आमच्याच मैदानावर आला. समोर नागपूरचा सगळ्यात तगडा संघ. जिंकलो तर वरच्या गटात जाणार. मालकांना हे कळलं आणि ते हवेतच चालायला लागले. पोळ्याच्या दिवशी बैल तोरणाखाली उभे होते, सगळा गाव जमला होता, तिथे त्यांनी जाहीर केलं की जिंकलो तर सगळ्यांचं साल पाच-पाच वर्षांसाठी पक्कं, चारही बांध्या कायमच्या विकत घेणार आणि बसायला विटांच्या पायऱ्या बांधणार. हरलो तर क्लब बंद, आणि बांध्या त्याच दिवशी बाबांना परत.

मग ते बाबांकडे वळले. "का म्हनता पाटील? देता ना?"

बाबा बैलाच्या शिंगाची बेगड नीट करत होते. मान वर न करता म्हणाले, "पोराले इचारा. त्याच्या हातात आहे आता."

"जिंकूच!" मी ओरडलो. गावाने गलका केला. त्या गलक्यात बाबांचा चेहरा बघायचं माझ्या मनातही आलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

पोळा झाला आणि पाऊस गायब झाला. धान निसवायला आलं होतं, म्हणजे लोंबी बाहेर पडायची वेळ, आणि नेमकं तेव्हाच आभाळ कोरडं ठण्ण. गावच्या बोडीतलं, म्हणजे लहान तलावातलं, पाणी पाळीपाळीने शेतांना सुटायला लागलं. ज्याची पाळी येईल त्याने त्या दिवशी आपल्या बांध्या भिजवून घ्यायच्या; एकदा पाळी गेली की पुन्हा आठ दिवस वाट बघायची. आमच्या मैदानाला भेगा पडल्या. उस्तादांनी पहिल्यांदाच कोरड्या मैदानावर सराव घेतला आणि आम्ही एकमेकांच्या पायांत पाय घालून पडायला लागलो. चेंडू टप्पा खाऊन डोक्यावरून जायचा. सालदार मला म्हणाला, "भाऊ, हा फुटबॉल लयच उड्या मारून राहिला. याले पानीच पाह्यजे."

सामन्याच्या दिवशी दुपारी नागपूरची बस आली. त्यांचे खेळाडू खूष होते. वाटेत सगळीकडे धूळ बघत आले होते. खाली उतरले, मिलच्या मागे आले आणि जागच्या जागी थिजले. मैदानात घोटाभर पाणी. स्वच्छ, निळं, आभाळ दिसणारं. सगळ्या लोकांनी एकदम वर बघितलं. वर एक ढग नव्हता.

त्यांचा कप्तान संतापला. पंच म्हणून आलेले गृहस्थ चष्मा लावणारे, शांत स्वभावाचे, हातात छत्री. त्यांनी छत्रीच्या टोकाने पाण्याची खोली मोजली आणि विचारलं, "पाऊस नाही, मग हे पाणी आलं कुठून?"

तेवढ्यात लांबच्या कोपऱ्यातून फावडं खांद्यावर घेऊन बाबा निघाले. पाणी तुडवत, सरळ मैदानाच्या मधून चालत आले. तीन वर्षांत पहिल्यांदा ते आत येत होते.

"म्या सोडलं," ते म्हणाले. "बोडीच्या पान्याची आज मायी पाळी होती. माया पाळीचं पानी माया बांधीत सोडलं."

"पण हे तर मैदान आहे ना?" पंच म्हणाले.

"मैदान असो का काही असो. तीन साल झाले सायेब, मीच सोडतो न मीच अडवतो. घोट्याच्या वर गेलं का काढतो, कमी झालं का घेतो. पोरायले तेवढ्याच पान्याची सवय आहे."

मला आधी रागच आला. तीन वर्षं छाती काढून मिरवलो ते कशाच्या जोरावर, हे साऱ्या गावासमोर उघडं पडलं होतं. काही तरी लागट बोलणारच होतो, तेवढ्यात माझी नजर बाबांच्या मागे गेली. मैदानाच्या खालच्या अंगाला आमच्या उरलेल्या बांध्या होत्या. धानाची पानं गुंडाळून सुयांसारखी झाली होती. जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा. आज त्या बांध्या भिजायच्या होत्या आणि पुढची पाळी आठ दिवसांनी. तोवर ते धान राहणार नव्हतं. म्हणजे बाबांनी आपल्या निसवत्या धानाच्या तोंडचं पाणी माझ्या पायांखाली ओतलं होतं. तेही कशासाठी? मी जिंकावं म्हणून. आणि मी जिंकलो असतो तर त्यांच्या चार बांध्या कायमच्या गेल्या असत्या. मला त्या माणसाचा इतका राग आला आणि इतकी माया आली, की दोन्हींचं काय करावं ते कळेना.

पंचांनी नियमांचं पुस्तक उलटंपालटं केलं. मैदान कुणी ओलित करू नये, असं त्यात कुठेच नव्हतं. ते म्हणाले, "हे घरच्या कप्तानाने ठरवावं. आज असंच खेळायचं असेल तर मी शिट्टी वाजवतो. नाही तर पाणी काढा, दोन दिवस वाळू द्या, परवा खेळू."

मी संघाकडे पाहिलं. बाराही जण खालच्या धानाकडे बघत होते. खाणीतली पोरंसुद्धा. त्यांचीही घरं शेतातलीच. आमचा सालदार, ज्याने पाच वर्षं त्याच बांध्यांत रोवणी केली होती, हळूच म्हणाला, "सांगा भाऊ. फावडं आनू का?"

"आन," मी म्हणालो.

"काहून?" बाबा ओरडले. "काहून फोडून राहिले बे? कोरड्यावर हारशीन ना!"

"हारलो तं हारलो, बाबा," मी म्हणालो. आणि तीन वर्षं अडकलेली जीभ एकदाची सुटली. "पन परवा तुमी गोलच्या मागं उभे राहा. धुऱ्यावर नाई. गोलच्या मागं."

मालक डोक्याला हात लावून उभे होते. मला वाटलं आता हा माणूस फुटणार. पण धान जळताना बघणं त्यांनाही जमत नव्हतं. हात खाली घेऊन ते म्हणाले, "फोडा बाप्पा, फोडा. धानच नाई आलं तं मिलमंदी का भरडू, फुटबॉल?"

सालदाराने खालचा धुरा फोडला. पाणी खळाळत मैदानातून खाली उतरलं आणि भेगांत शिरलं. भेगांतून बुडबुडे यायला लागले. आम्ही सगळे, आणि नागपूरचेही, धुऱ्यावर उभं राहून ते बघत बसलो.

नागपूरचा संघ दोन दिवस आमच्याकडे राहिला. मालकांनी मिलच्या गोदामात धानाचं तणस पसरून त्यांची सोय केली आणि बोडीतले मासे व जुन्या तांदळाचा भात घालून त्यांना असं सुस्त केलं की उस्तादांना आशा वाटायला लागली. त्यांच्या कप्तानाला धान कसं उगवतं ते बघायचं होतं. मी त्याला धुऱ्यावरून नेलं. तो तीनदा बांधीत पडला. चौथ्यांदा मीच ढकलला, हे आता कबूल करायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी धानाची पानं पुन्हा उघडी झालेली दिसली. बाबा एकेका बांधीपाशी उभं राहून बघत होते. माझ्याशी बोलत नव्हते, पण तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होते.

भादव्याच्या उन्हाने दोन दिवसांत जमीन घट्ट केली. खेळ सुरू झाला तेव्हा मी मागे वळून पाहिलं. गोलच्या मागे, जाळ्याला नाक लावून, खांद्यावर फावडं घेऊन बाबा उभे होते.

त्या दिवसासारखा मी कधी खेळलो नाही. चेंडू डावीकडून आला, उजवीकडून आला, एक थेट तोंडावर आला. मला नुसत्या चिखलाच्या जुड्या दिसत होत्या आणि मी पकडत होतो. धुऱ्यावरून रोवणीच्या बाया किंचाळत होत्या, "पकडा गा गोलकीपर!" आमचा सालदार एकदा सगळ्यांना मागे टाकून सुसाट निघाला, पण टप्प्याने दगा दिला आणि चेंडू बांबूच्या खांबाला लागून बाहेर गेला. शेवटची काही मिनिटं उरली होती. बरोबरीत सुटतो की काय असं वाटत असतानाच खालून, डाव्या कोपऱ्यात, एक चेंडू माझ्या बोटांना घासून आत गेला. मी पालथा पडलो होतो. डोळ्यांसमोर जाळं, जाळ्यापलीकडे बाबांचे पाय.

"ऊठ," बाबा म्हणाले. "टाइम आहे अजून."

टाइम होता, पण पुरला नाही. आम्ही एका गोलने हरलो आणि क्लब बंद झाला. मालकांनी दोन्ही संघांना पंगतीला बसवलं आणि स्वतः वाढलं. पुढल्या हिवाळ्यात त्यांनी नाटक मंडळी काढली. आमचे हिरवे शर्ट राजाच्या सैन्याला गेले आणि मला पहारेकऱ्याचं काम मिळालं. म्हणजे पुन्हा दारातच उभं राहणं.

अक्षय्य तृतीयेला आमचा सालदार आमच्या ओसरीवर येऊन बसला. बाबांनी सुपारी फोडली. पावसाळा लागला, मधले धुरे पुन्हा घातले आणि त्या बांध्यांत चिखलणी सुरू झाली. सगळीकडे सारखं पाणी उभं राहिलं, फक्त एका जागी खोलगट खळगा होता. तीन वर्षं मी गोलसमोर नाचून नाचून पाडलेला. मी फावडं घेऊन तो बुजवायला लागलो.

"राहू दे थे," बाबा म्हणाले.

"रोप बुडन ना तिथं."

"बुडू दे." त्यांनी त्या पाण्याकडे बोट केलं. "इथं तू सात गोल खाल्ले तीन सालात. पयल्या साली दोन, दुसऱ्या साली चार, मंग एक. त्यातला एक तं पाय घसरून खाल्ला. सातही पाह्यले म्या."

"तुमी तं पाठ करून उभे राहत होता."

"पाठ करून पानी कसं सांभाळता येईन बे? मैदान पाहाच लागते."

"सात नाई, बाबा," मी म्हणालो. "आठ. शेवटचा धरून आठ."

बाबांनी माझ्या हातातलं फावडं काढून घेतलं.

"तो आठवा तुयावर नाई," ते म्हणाले. "तो मायावर धर."

आणि ते धुऱ्याकडे गेले, कारण पाणी घोट्याच्या वर चढलं होतं.